डांबरी रस्त्यांवरील भेगा

डांबरी रस्त्यांवरील भेगा म्हणजे डांबर आणि खडी यांच्या मिश्रणाने बांधलेल्या थरांची सलगता तुटल्यामुळे रस्त्याच्या पृष्ठभागावर उमटणारे तडे होत. भेग हा स्वतःपुरता किरकोळ दोष असतो. केसाएवढ्या रुंदीच्या भेगेमुळे वाहनाला धक्काही जाणवत नाही. मात्र तिच्यातून पाणी खालच्या थरांत शिरू लागले की रस्त्याची भारवहनक्षमता घटते, भेगांचे जाळे तयार होते आणि त्यातूनच पुढे खड्डे पडतात. रस्त्याच्या दुरुस्तीचा खर्च आणि दुचाकीस्वारांची सुरक्षितता या दोन्ही गोष्टी भेग कोणत्या टप्प्यावर ओळखली गेली यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतात.

महाराष्ट्रात या प्रक्रियेचे जवळजवळ सर्व प्रकार एकाच परिसरात पाहायचे असतील, तर रायगड जिल्ह्यातील पनवेल हे योग्य ठिकाण ठरते. बंदराकडे जाणारी अवजड वाहतूक, कोकणचा मुसळधार पाऊस, खाडीकाठची मऊ जमीन आणि वाढत्या शहराची सततची खोदकामे या चारही गोष्टी येथे एकत्र येतात.

संज्ञा

मराठीत 'डांबर' हा शब्द दोन वेगवेगळ्या पदार्थांसाठी वापरला जातो. दगडी कोळशाच्या ऊर्ध्वपातनातून मिळणारे डांबर हा मूळ अर्थ असून 'डांबरगोळी' या शब्दात तो टिकून आहे. रस्त्यासाठी आज वापरले जाते ते मात्र खनिज तेलाच्या शुद्धीकरणानंतर तळाशी उरणारे बिटुमेन होय. बोलीभाषेत आणि सरकारी निविदांतही त्याला डांबरच म्हटले जात असल्याने या लेखातही तोच शब्द याच अर्थाने वापरला आहे.

डांबरी रस्त्याला अभियांत्रिकीत 'लवचिक फरसबंदी' म्हणतात. सर्वांत खाली दाबून घट्ट केलेली माती किंवा मुरूम, त्यावर पाण्याचा निचरा करणारा खडीचा उपथर, त्यावर ओल्या मिश्रणाचा खडीचा थर आणि सर्वांत वर डांबरमिश्रित खडीचे एक किंवा दोन थर अशी तिची रचना असते. चाकाचा भार वरून खाली जाताना अधिकाधिक क्षेत्रावर पसरत जावा आणि मातीपर्यंत पोहोचेपर्यंत तिला सोसवेल इतका कमी व्हावा, हे या रचनेमागील तत्त्व आहे. वरच्या काळ्या थराची जाडी अनेकदा फार नसते आणि रस्त्याची खरी ताकद त्याखाली दडलेली असते. भेगांबाबतचे बरेच गैरसमज ही गोष्ट लक्षात न घेतल्याने निर्माण होतात.

भेग कशी जन्माला येते

चाक रस्त्यावरून जाते तेव्हा डांबरी थर किंचित खाली वाकतो आणि चाक पुढे गेल्यावर पुन्हा जागेवर येतो. हे वाकणे मिलिमीटरच्या अंशात मोजावे लागते इतके सूक्ष्म असते. वाकलेल्या थराची वरची बाजू दाबली जाते, तर तळाची बाजू ताणली जाते. डांबरमिश्रित खडी दाब चांगला सोसते. ताण सोसण्याची तिची क्षमता मात्र बेताची असते. एका ट्रकच्या एका फेरीने काहीच होत नाही, पण हेच ताणणे लाखो वेळा घडले की तळाशी सूक्ष्म तडे निर्माण होतात. पत्र्याची पट्टी पुन्हापुन्हा वाकवल्यावर तुटते, त्यातलाच हा प्रकार आहे. या क्रियेला श्रांती आणि तिच्यामुळे पडणाऱ्या भेगांना श्रांती-भेगा म्हणतात.

याचा एक परिणाम असा की, पुष्कळदा भेग प्रथम तळाशी पडते आणि वर दिसू लागते तेव्हा तिने थराची संपूर्ण जाडी पार केलेली असते. 'कालपर्यंत रस्ता चांगला होता' या अनुभवाचे स्पष्टीकरण येथे मिळते. रस्ता कालही आतून फुटलेलाच होता, फक्त तडा वर आलेला नव्हता. जाड डांबरी थरांच्या रस्त्यांवर याच्या उलट, म्हणजे टायरच्या कडांजवळील ताणामुळे आणि वरचा थर आधी कडक झाल्यामुळे, वरून खाली जाणाऱ्या भेगाही आढळतात.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या 'आयआरसी:३७' या मार्गदर्शक संहितेत श्रांतीचे गणित दिलेले आहे. रस्त्याच्या ज्या भागावरून प्रमाण आसभाराच्या जितक्या फेऱ्या गेल्यावर पृष्ठभागाच्या २० टक्के क्षेत्रावर भेगा पडतात, तितके त्या रस्त्याचे श्रांती-आयुष्य मानले जाते. डांबरी थराच्या तळाशी होणाऱ्या ताण-विकृतीच्या (मूळ लांबीच्या तुलनेत होणाऱ्या वाढीच्या) ३.८९ व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात हे आयुष्य बदलते. याचा व्यावहारिक अर्थ असा की ताण-विकृती निम्मी केली, तर आयुष्य दुप्पट न होता सुमारे १५ पट होते. आणि खालची माती भिजल्याने ती दुप्पट झाली, तर आयुष्य त्याच पटीने घटते.

याच सूत्रात मिश्रणातील हवेच्या पोकळ्यांनाही स्थान आहे. मिश्रणात डांबराचे घनफळ ११.५ टक्के असताना हवेच्या पोकळ्या ३ टक्क्यांऐवजी ८ टक्के राहिल्या, तर इतर सर्व गोष्टी तशाच ठेवूनही गणिताने येणारे आयुष्य सुमारे एकदशांशावर येते. पोकळ्या जास्त राहण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे अपुरी दबाई. व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचे गरम मिश्रण साधारण १५० ते १६५ अंश सेल्सिअसला तयार करून किमान १४० अंशांना अंथरावे आणि ९० अंशांखाली जाण्यापूर्वी त्यावरची रोलरची फिरवाई पूर्ण करावी, असा केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांचा दंडक आहे. वाहतूक कोंडीत अडकलेल्या डंपरमध्ये मिश्रण थंड होत गेले, तर पुढे रोलर कितीही फिरवला तरी ते घट्ट बसत नाही. रस्ता त्या दिवशी काळाभोर आणि गुळगुळीत दिसतो, परंतु त्याचे आयुष्य तेथेच ठरून गेलेले असते.

आसभार

वाहनाचे एकूण वजन नव्हे, तर एका आसावर येणारे वजन रस्त्याला थकवते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ओटावा या गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मोठी रस्ते-चाचणी घेण्यात आली. तिच्यातून, रस्त्याचे होणारे नुकसान आसभाराच्या सुमारे चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, असा नियम पुढे आला. भारतात ८० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ८.१६ टन, हा प्रमाण आसभार धरतात. अर्धा टन आसभाराच्या मोटारीचा हिशेब या नियमाने केला, तर अशा मोटारींच्या सुमारे ७० हजार आस-फेऱ्या एका प्रमाण आसाच्या एका फेरीइतके नुकसान करतात. रस्त्यांच्या भेगांसाठी खाजगी मोटारींच्या वाढत्या संख्येला दोष देणे म्हणूनच फारसे सयुक्तिक नाही.

जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालवाहू वाहनांच्या अनुज्ञेय आसभारात वाढ केली. चार टायरांच्या एकेरी आसासाठी पूर्वी १०.२ टन असलेली मर्यादा ११.५ टन झाली. वजनातील ही वाढ पावणेतेरा टक्क्यांच्या आसपास आहे. चौथ्या घाताच्या नियमाने एका फेरीमागील नुकसान मात्र सुमारे ६२ टक्क्यांनी वाढते. तेवढाच माल कमी फेऱ्यांत वाहून नेला जात असल्याने एकूण परिणाम थोडा सौम्य होतो, परंतु जुन्या मर्यादेच्या हिशेबाने बांधलेल्या रस्त्यांसाठी हा जादा भार उरतोच.

उष्णता, जुनेपण आणि संथ वाहतूक

डांबर हा घन आणि द्रव यांच्या सीमेवरचा पदार्थ आहे. थंडीत ते ठिसूळ होते, उन्हात मऊ पडते. झपाट्याने येऊन गेलेला भार ते लवचिक घनासारखे झेलते. तोच भार जागेवर उभा राहिला, तर दाट काकवीसारखे हळूहळू सरकते. बसथांब्यांवर, सिग्नलपाशी आणि टोलनाक्यांच्या रांगेत चाकोऱ्या लवकर पडतात त्या यामुळेच. चाकोरीच्या कडेने मग उभ्या भेगा दिसू लागतात.

हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन डांबर वर्षागणिक कडक होत जाते. या बदलाचा मोठा हिस्सा मिश्रणाच्या कारखान्यातच, काही मिनिटांच्या तीव्र उष्णतेत घडतो. उरलेला रस्त्यावर उन्हापावसात अनेक वर्षे चालू राहतो. मिश्रण गरजेपेक्षा जास्त तापवले, तर रस्ता वयाने कोवळा असतानाच त्याचे डांबर म्हातारे झालेले असते. असे डांबर आकुंचन-प्रसरण सोसू शकत नाही आणि पृष्ठभागावर मोठ्या चौकटींच्या आकाराच्या भेगा पडतात. वाहतूक जवळजवळ नसलेल्या वाहनतळांवर आणि सोसायट्यांच्या अंतर्गत रस्त्यांवर अशा भेगा ठळक दिसतात, कारण तेथे चाकांच्या मळणीने थर जिवंत राहत नाही.

या पदार्थाचा एक उपकारक गुणही आहे. उन्हाळ्यात रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास तापतो, तेव्हा मऊ झालेले डांबर केसासारख्या भेगांत पसरून त्या सांधते. मे महिन्यात दिसेनाशी झालेली भेग पूर्ण बरी झालेलीच असते असे नाही, पण हे सांधणे खरे असते आणि त्यामुळे उष्ण प्रदेशातील रस्त्यांचे प्रत्यक्ष आयुष्य प्रयोगशाळेतील अंदाजापेक्षा जास्त भरते. भेगेत एकदा धूळ व चिखल भरला की ही शक्यता संपते.

थंड देशांत कडाक्याच्या हिवाळ्यात आकुंचनाने रस्त्यावर आडव्या भेगा पडतात. पनवेलमध्ये हिवाळा सौम्य असल्याने हे कारण येथे गौण आहे. येथे ठरावीक अंतराने आडवी भेग दिसली, तर खाली जुन्या काँक्रीटचे सांधे किंवा सिमेंट मिसळलेला थर असण्याचा संशय आधी घ्यावा लागतो.

प्रकार

श्रांती-भेगा चाकांच्या पट्ट्यात प्रथम एकमेकींना समांतर अशा उभ्या रेषांत दिसतात. पुढे त्या एकमेकींना मिळून सुसरीच्या पाठीवरील खवल्यांसारखे जाळे तयार होते. या जाळ्याच्या चौकटी जितक्या लहान, तितका खालचा आधार कमकुवत असे ढोबळमानाने समजतात. हा सर्वांत गंभीर प्रकार मानला जातो, कारण तो केवळ पृष्ठभागाचा दोष नसतो. संपूर्ण रचना हार मानत असल्याची ती खूण असते.

मधल्या सांध्याच्या रेषेत सरळ जाणारी उभी भेग बहुधा बांधकामाची असते. रस्त्याच्या दोन पट्ट्या वेगवेगळ्या वेळी अंथरताना थंड झालेल्या कडेला नवा थर नीट चिकटला नाही की ती पडते. कडेपासून हात-दीड हात आत वाकडीतिकडी जाणारी भेग ही कडेची भेग होय. बाजूपट्टीचा मुरूम वाहून गेला, तिच्यावर पाणी साचले किंवा अरुंद रस्त्यावर समोरच्या वाहनाला वाट देताना चाके वारंवार कडेवर गेली, तर ती उद्भवते. जुन्या भेगांवर किंवा काँक्रीटच्या सांध्यांवर नवा डांबरी थर टाकला असता खालची रेष वर उमटते, तिला परावर्तित भेग म्हणतात. ती वर्षाला सुमारे २५ मिलिमीटर जाडी चढून येते असा अभियंत्यांचा ढोबळ ठोकताळा आहे. म्हणजे भेगाळलेल्या रस्त्यावर ४० मिलिमीटरचा थर टाकून मिळणारे समाधान फार तर दोन पावसाळ्यांचे असते. चंद्रकोरीच्या आकाराच्या भेगा मात्र अगदी वेगळ्या कारणाने पडतात. दोन थरांमध्ये चिकटण्यासाठी फवारायचे डांबर कमी पडले किंवा धुळीवरच नवा थर अंथरला, तर ब्रेक लावणाऱ्या चाकाखाली वरचा थर गालिच्यासारखा सरकतो आणि फाटतो.

भेगेपासून खड्ड्यापर्यंत

भेग पडल्यावर तिच्या दोन्ही बाजूंचा थर एकसंध राहत नाही. चाक भेगेजवळ आले की भार पलीकडच्या बाजूला पुरेसा पोहोचत नाही, त्यामुळे अलीकडची कड अधिक वाकते आणि तळाशी नवा ताण निर्माण होतो. भेगेच्या टोकाशी ताण एकवटलेला असतो. भेग जसजशी लांबते तसतसा तो वाढतो आणि वाढीचा वेगही वाढत जातो. यामुळे रस्ता अनेक वर्षे जवळजवळ जसाच्या तसा दिसतो आणि मग अल्पावधीत खचतो.

सुरुवातीला भेगेच्या दोन बाजूंची खडी एकमेकींत अडकून थोडा भार वाहून नेत असते. प्रत्येक चाकाबरोबर या कडा एकमेकींवर घासतात, त्यांतील बारीक कण सुटतात आणि भेग रुंदावते. साधारण तीन मिलिमीटरपेक्षा रुंद भेगेत पाणी सहज उतरते. खालचा खडीचा थर भरून गेला आणि त्याला बाहेर पडायला वाट नसली, तर चाकाच्या दाबाने हे पाणी पिचकारीसारखे मागे-पुढे ढकलले जाते. ते आपल्याबरोबर मातीचे बारीक कण घेऊन वर येते. पाऊस थांबल्यानंतर काळ्या रस्त्यावरील भेगांच्या कडेने मातकट किंवा पांढुरके ओघळ दिसले, तर खाली पोकळी तयार होऊ लागली आहे असे समजावे. दुसरीकडे पाणी खडी आणि डांबर यांच्यामध्ये शिरून डांबराचा लेप सोलून काढते. कोकणात वापरली जाणारी बेसाल्टची खडी या बाबतीत ग्रॅनाइटसारख्या सिलिकायुक्त दगडांच्या खडीपेक्षा चांगली असते, डांबर तिला अधिक घट्ट धरते. परंतु धूळ धुतली न गेलेली खडी हा फायदा घालवून बसते.

शेवटी जाळ्यातील एखादा तुकडा सुटतो. तो चाकाने उडाला की तेथे खड्डा पडतो. खड्ड्याच्या कडेला चाकाचा आदळ बसत असल्याने शेजारचे तुकडेही लवकर सुटतात आणि एका पावसाळी आठवड्यात बशीएवढा खड्डा परातीएवढा होतो. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली दुचाकीस्वाराला दिसत नाही. तो चुकवण्यासाठी अचानक बाजूला वळलेली दुचाकी मागून येणाऱ्या अवजड वाहनासमोर येते, आणि भेगेसारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या दोषाची किंमत तेथे माणसाच्या जिवाने मोजली जाते.

ओटावाच्या चाचणीत सर्वाधिक नुकसान वसंतात, बर्फ वितळून माती पाण्याने भरते त्या काळात झाले होते. कोकणात बर्फ नाही, पण जून ते सप्टेंबर हे चार महिने तेच काम करतात. खड्डे पावसात 'पडतात' असे म्हटले जाते. अधिक अचूकपणे सांगायचे तर, आधीच्या आठ कोरड्या महिन्यांत आणि त्यापूर्वीच्या वर्षांत पडलेल्या भेगा पावसाने उघड्या केलेल्या असतात.

पनवेल परिसर

पनवेल आणि रस्ते यांचा संबंध जुना आहे. मुंबईहून होडीने पनवेल बंदरात उतरून पुढे घाटमार्गे पुण्याला जाण्याची वहिवाट होती. बोरघाटातून चाकांच्या वाहनांसाठी बांधलेला रस्ता १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात खुला झाला. आज मुंबई-पुणे जुना महामार्ग, येथून कन्याकुमारीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ (मुंबई-गोवा महामार्ग), सायन-पनवेल महामार्ग आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणारा मार्ग पनवेलच्या अवतीभवती एकत्र येतात. कळंबोली येथून सुरू होणारा सुमारे ९४.५ किलोमीटर लांबीचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सिमेंट काँक्रीटचा असल्याने डांबरी थराची श्रांती त्याला लागू होत नाही. त्याचे दोष सांध्यांचे आणि फरशांचे असतात.

न्हावा-शेवाचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतर कंटेनर वाहून नेणाऱ्या ट्रेलरांची वाहतूक हा या भागातील रस्त्यांचा मुख्य भार बनला. कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार, तळोजा औद्योगिक वसाहत आणि तालुक्यातील दगडखाणी यांच्या अवजड वाहनांची त्यात भर पडते. कळंबोली आणि पळस्पे फाटा येथील चौकांत ही वाहने संथ गतीने किंवा थांबत-थांबत सरकतात. आसभार जास्त आणि वेग कमी, हा डांबरी थरासाठी सर्वांत वाईट संयोग होय. चौथ्या घाताच्या नियमात वेगाचा विचार नसल्याने अशा ठिकाणचे नुकसान केवळ वाहनगणतीवरून कमी लेखले जाण्याची शक्यता असते.

जमिनीचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. तालुक्याच्या पूर्व भागात, डोंगरपायथ्याशी, बेसाल्ट खडक आणि मुरूम मिळतो; त्यावर बांधलेला रस्ता बऱ्यापैकी स्थिर राहतो. पनवेलच्या खाडीलगत मात्र मऊ सागरी चिकणमाती आहे. तिच्यावर भराव घातला की ती पाणी सोडत वर्षानुवर्षे हळूहळू दबत राहते. सर्वत्र सारखी दबली तर फारसे बिघडत नाही. पण पूल, मोऱ्या आणि नलिका यांचे पाये खोलवर टेकलेले असतात व शेजारचा भराव खचतो, तेव्हा दोहोंच्या सीमेवर आडवी भेग पडते. पुलावर चढताना-उतरताना बसणारा परिचित हादरा त्याच ठिकाणचा असतो. अशा जमिनीत उभ्या निचरापट्ट्या बसवून आणि भरावाचा जादा भार आधीच ठेवून बरेचसे दबणे बांधकामापूर्वीच उरकून घेता येते, मात्र त्याला वेळ द्यावा लागतो.

सोलापूर किंवा परभणीकडील काळ्या मातीचा स्वभाव याहून निराळा आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे तेथे वाहतूक नसली तरी कडेलगत लांबच लांब उभ्या भेगा पडतात. कोकण आणि देश या दोहोंसाठी एकच उपाय सुचवणे म्हणूनच चुकीचे ठरते.

सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाल्यावर खाडीकाठची सखल जमीन भराव घालून वसवण्यात आली. कळंबोलीसारख्या वसाहतींत पावसाचे पाणी धारण-तलावांत साठवून ओहोटीला खाडीत सोडण्याची व्यवस्था आहे. अतिवृष्टी आणि मोठी भरती एकाच वेळी आली की पाणी बाहेर पडत नाही, भूजल रस्त्याच्या खडीथरापर्यंत चढते आणि थर तासन्‌तास भिजलेला राहतो. त्यावरून जाणारी वाहतूक त्या काळात थांबत नाही.

१ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. जुन्या नगरपालिकेचे शहर, सिडकोच्या खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल आदी वसाहती आणि परिसरातील २९ गावे तिच्या हद्दीत आली. त्यामुळे एका माणसाच्या रोजच्या प्रवासात येणारे रस्ते महानगरपालिका, सिडको, औद्योगिक विकास महामंडळ, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि राष्ट्रीय महामार्गाच्या यंत्रणा यांच्यात वाटले गेले. भेग मात्र हद्द पाहून थांबत नाही; दोन यंत्रणांच्या रस्त्यांचा सांधा हीच पुष्कळदा सर्वांत दुर्लक्षित जागा असते.

वाढत्या शहरात जलवाहिन्या, गॅसवाहिन्या, वीज आणि दूरसंचाराच्या तारा टाकण्यासाठी रस्ते खणले जातात. चर थराथराने दाबून न भरता एकदम माती लोटून बुजवला, तर पहिल्याच पावसात तो खचतो. त्याच्या दोन्ही कडांना उभ्या भेगा पडतात आणि त्यांतून पाणी न खणलेल्या भागाखालीही शिरते. चराची रुंदी दोन फूट असली तरी नुकसान तेवढ्यापुरते राहत नाही, ही गोष्ट रस्ता खोदाईचे शुल्क ठरवताना क्वचितच विचारात घेतली जाते.

मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या सुमारे ८४ किलोमीटर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ च्या सुमारास हाती घेण्यात आले आणि ते दीर्घकाळ रखडले. अर्धवट अवस्थेतील रस्ता भेगांच्या दृष्टीने पूर्ण रस्त्यापेक्षा अधिक असुरक्षित असतो. वरचा अंतिम थर नसताना खालच्या सच्छिद्र थरावरूनच वाहतूक चालते, गटारे जोडलेली नसतात आणि जुन्या-नव्या पट्ट्यांच्या पातळीत फरक राहतो. २०२३ मध्ये या टप्प्याच्या काँक्रीटीकरणाच्या कामांचे भूमिपूजन पळस्पे येथे झाले. सायन-पनवेल महामार्गावरही वारंवार खराब होणारे डांबरी तुकडे काँक्रीटचे करण्याचा मार्ग पुढे अवलंबला गेला. काँक्रीट आणि डांबर यांचा वाकण्याचा स्वभाव वेगळा असल्याने त्यांच्या सांध्यावर नवी भेग जवळजवळ ठरलेली असते. सांधा वेळोवेळी भरत राहणे हाच तिच्यावरचा इलाज आहे.

पाहणी आणि दुरुस्ती

रस्त्यांच्या विकासासाठी नेमलेल्या, मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार १९३४ मध्ये भारतीय रस्ते काँग्रेस स्थापन झाली. तिच्या संहितांनुसार भेगांची पाहणी केली जाते. जुन्या 'आयआरसी:८१' संहितेत भेगा नसलेला आणि १० मिलिमीटरपेक्षा कमी चाकोरी असलेला रस्ता चांगला, तर विस्तृत भेगा किंवा २० मिलिमीटरपेक्षा जास्त चाकोरी असलेला रस्ता वाईट मानला जातो. भरलेल्या ट्रकच्या चाकाखाली रस्ता किती वाकतो हे बेंकेलमन बीम या साध्या लांब दांड्याने मोजता येते. आता त्याच कामासाठी ठरावीक वजन रस्त्यावर आपटून धक्क्याची लाट मोजणारे यंत्र वापरतात. डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन भेगांपैकी कोणती वरवरची आणि कोणती खालून आलेली, हे अशा मोजणीशिवाय खात्रीने सांगता येत नाही.

बारीक, कोरड्या आणि विरळ भेगांवर पातळ इमल्शनचा फवारा पुरतो. रुंद भेगा हवेच्या झोताने साफ करून इमल्शन आणि दगडाच्या भुकटीने किंवा रबरमिश्रित डांबराने भरतात. सुसरीच्या पाठीसारखे जाळे झाले असेल, तर वरून डांबर ओतणे किंवा नवा पातळ थर टाकणे निरुपयोगी ठरते. तो भाग सरळ कडा ठेवून चौकोनी कापायचा, भिजलेला खडीथर काढायचा, निचऱ्याची वाट करून द्यायची, कडांना डांबर लावायचे आणि थराथराने दाबून भरायचे, एवढे सर्व करावे लागते. विस्तृत भेगांवर नवा थर टाकण्यापूर्वी ताण शोषणारा मऊ डांबरी पापुद्रा किंवा डांबरात भिजवलेले तंतुवस्त्र अंथरल्यास परावर्तित भेगा लांबणीवर पडतात, कायमच्या टळत नाहीत.

भर पावसात गरम मिश्रणाचे काम करता येत नाही. तोपर्यंत थंड मिश्रण, पेव्हर ब्लॉक किंवा नुसती खडी टाकून खड्डे बुजवले जातात. पेव्हर ब्लॉकच्या फटींतून पाणी खाली जात राहते आणि ब्लॉक व डांबर यांच्या सीमेवर पुढची भेग पडते, म्हणून हा उपाय अवजड वाहतुकीच्या रस्त्यावर तात्पुरताच धरावा लागतो. भेगा भरण्याचा योग्य काळ म्हणजे पावसाळा संपल्यानंतरचे आणि पुढच्या उन्हाळ्याआधीचे महिने. त्या वेळी भेगा किंचित उघडलेल्या आणि कोरड्या असतात. नेमका तेव्हा रस्ता बरा दिसत असल्याने हे काम मागे पडते. त्याच कारणाने कंत्राटातील दोषदायित्व कालावधी संपण्यापूर्वी भेगांची नोंद होणे महत्त्वाचे असते, कारण कालावधी उलटल्यावर पडलेला खड्डा सार्वजनिक निधीतून बुजवावा लागतो.

कायदेशीर बाजू

रस्त्यांच्या दुरवस्थेबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. २०१८ च्या निकालात न्यायालयाने, सुस्थितीतील रस्ते मिळणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, तर जखमींना दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले. मुंबई-गोवा महामार्गाच्या स्थितीबाबतही स्वतंत्र जनहित याचिका दाखल झाली होती. हे आदेश प्रामुख्याने खड्ड्यांसंबंधी आहेत. त्याआधीच्या टप्प्यावरील भेगा ठरावीक मुदतीत भरण्याचा प्रश्न मात्र देखभालीच्या संहिता आणि कंत्राटाच्या अटी यांच्यावरच सोपवलेला आहे.